जुन्या वाड्यांत उन्हाची खोली

पुण्याच्या जुन्या पेठांतून अलीकडे हिंडणाऱ्यास एक गोष्ट हटकून आढळते. ज्या वाड्यांच्या चौकांत उभें राहिलें असतां पूर्वीं आकाशाचा चौकोनी तुकडा दिसत असे, तेथें आतां डोक्यावर दुधी रंगाचा पॉलिकार्बोनेटचा पत्रा दिसतो. आणि ज्या ओसरीच्या खांबांमधून वारा मोकळा वाहत असे, तेथें अॅल्युमिनियमच्या चौकटींत सरकत्या कांचा बसलेल्या असतात. मालकास विचारावें तर तो कौतुकानें सांगतो, "आम्हीं सन-रूम करून घेतली." ही उन्हाची खोली आपल्या जुन्या घरास मानवते काय, आणि करावयाचीच झाली तर ती कोणत्या रीतीनें करावी, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. या वाड्यांतून आतां मागें राहिलीं आहेत तीं बहुधा वयस्क माणसें. मुलें कोथरुडास, हिंजवडीस, नाहीं तर परदेशीं गेलीं. गुडघे धरलेल्या माणसास पौषांतल्या सकाळीं अंधारा जिना उतरून उन्हांत जाऊन बसणें जमत नाहीं. ऊन घरांत यावें आणि पाऊस, धूळ व पारवे मात्र बाहेर राहावेत, ही त्यांची इच्छा रास्तच आहे. परंतु ती पुरी करतांना घराचा श्वास कोंडला जाऊं नये, एवढी काळजी घ्यावी लागते. आणि हल्लीं नेमकी तीच घेतली जात नाहीं.

सन-रूम ही मूळची थंड मुलखांतील वस्तु. इंग्लंडांत कांचेवर कर होता तो १८४५ सालीं उठला, आणि घराच्या खिडक्या मोजून बसविला जाणारा कर १८५१ सालीं. त्याच १८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कांत लोखंड आणि कांच यांचें तें अवाढव्य प्रदर्शनगृह उभें राहिलें. तें रचणारा जोसेफ पॅक्स्टन हा धंद्यानें माळी होता, आणि उष्ण देशांतील झाडें जगविण्यासाठीं कांचघरें बांधण्यांत त्याचा हात बसलेला होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कांच स्वस्त झाली तेव्हां झाडांसाठीं केलेल्या घरांत माणसेंहि जाऊन बसूं लागलीं. आपल्याकडे कांच पिकविण्याचा स्वदेशी उद्योग पुण्याच्या शेजारींच, तळेगांव दाभाडे येथें, पैसा फंडाच्या कारखान्यानें १९०८ सालीं आरंभिला. पण ती कांच घराचें छप्पर करावी असें त्या काळीं कोणास वाटलें नाहीं, आणि वाटलें नाहीं तें शहाणपणाचेंच झालें.

कारण कांचेचा एक गुण आहे. सूर्याचा प्रकाश तिच्यांतून सुखानें आंत येतो. तो फरशीवर, भिंतीवर, माणसाच्या अंगावर पडून त्याची उष्णता होते. ही उष्णता पुन्हा बाहेर पडूं पाहते, तेव्हां तिच्या लहरी मूळ प्रकाशाच्या लहरींहून लांब झालेल्या असतात आणि त्यांस कांच वाट देत नाहीं. शिवाय तापलेली हवाहि वर अडून राहते. निरभ्र दिवशीं भर मध्यान्हीं एक चौरस मीटर जागेवर सूर्य जवळजवळ एक हजार वॉटची शक्ति ओततो. म्हणजे विजेची एक मोठी शेगडीच समजा. दहा चौरस मीटरच्या चौकावर स्वच्छ कांचेचें छत केलें, आणि त्यांतील थोडा प्रकाश कांचेनें परत फेकला असें धरलें, तरी सात-आठ शेगड्या चौकांत पेटल्यासारख्या होतात. विलायतेंत जानेवारींत हें वरदान ठरेल. आपल्याकडे एप्रिलांत काय ठरेल तें सांगावयास नको.

आपल्या वाड्याची रचना याच्या उलट आहे. शनिवारवाड्याची लांकडी इमारत १८२८ च्या आगींत गेली, तरी आंतील जोत्यांवरून चौक कोठें कोठें होते हें अजून ओळखतां येतें. आणि १८०७ च्या सुमाराचा विश्रामबागवाडा तर उभाच आहे, तेथें कोणासहि जाऊन पाहतां येईल. सरदाराचा वाडा असो कीं भिक्षुकाचा, मधें उघडा चौक, भोंवतीं ओसरी, तिच्यामागें सोपा व माजघर, ही बैठक तीच. पुण्यास एप्रिलांत दिवसा पारा सदतीस-अडतीस अंशांवर जातो आणि पहांटे तो वीस-एकवीसपर्यंत उतरतो. रात्रीं उघड्या आकाशाखालीं चौकाची फरशी आणि छपरें निवतात. थंड झालेली जड हवा चौकांत उतरते व ओसरीवरून खोल्यांत शिरते. जाड भिंती तो गारवा दुपारपर्यंत धरून ठेवतात. दुपारीं चौकांतील हवा तापली कीं ती सरळ वर निघून जाते आणि दिंडीच्या बोळांतून सांवलीची हवा तिची जागा घेण्यास येते. चौक हें त्या घराचें धुराडें आहे आणि तेंच त्याचें गार हवेचें टांकेंहि आहे. त्यावर झांकण घातलें म्हणजे दोनहि कामें थांबतात.

आमच्या पेठेंतील एका वाड्याचा चौक तीन वर्षांपूर्वीं असा झांकला. पत्रे चारहि बाजूंनीं भिंतींस चिकटवून फटी रबरानें व लांबीनें बुजविल्या, पारवा म्हणून आंत येऊं नये इतक्या नेटकेपणानें. वैशाखांत वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांस दुपारीं खोलींत बसवेना, तें एक असो. पण त्या वाड्यांतील न्हाणीघरें चौकाकडे उघडणारीं. पूर्वीं तेथें बंब पेटत, आतां गॅसचे गीझर आले आहेत. माघांतील एका सकाळीं तीन घरचीं स्नानें लागोपाठ चाललीं असतां एक बाई न्हाणीघरांत भोंवळ येऊन पडल्या. दार फोडून त्यांस रस्त्यावरच्या मोकळ्या हवेंत आणलें म्हणून वांचल्या. जळण्यास हवा अपुरी पडली म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो रक्तांत शिरून प्राणवायूची जागा अडवितो. न्हाणीघराचा झरोका चौकांत उघडतो म्हणून आपण निर्धास्त असतों. परंतु चौकच बंद झाला तर झरोका उघडून काय उपयोग? ज्या चौकांत गीझरचा, चुलीचा किंवा बंबाचा धूर जातो, तो चौक पुरता झांकूं नये. गीझरचा धूर नळीनें थेट छपराबाहेर काढल्यावांचून तर या कामास हातच घालूं नये. या एका बाबतींत मी तडजोड सुचवीत नाहीं.

मग ऊन मिळावयाचें कसें? श्रोतेहो, उन्हाची खोली आपल्या वाड्यांत पूर्वींपासूनच आहे. ती कोणती हें थोडा हिशेब करून ओळखावें लागतें. पुणें विषुववृत्ताच्या साडेअठरा अंश उत्तरेस आहे. त्यामुळें २१-२२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीं सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून ४८ अंशच वर असतो. दहा फूट उंचीची काठी उभी केली तर तिची सांवली नऊ फूट पडते. मेच्या १३-१४ तारखेस तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सांवली नाहींशी होते. तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो मध्यान्हीं किंचित् उत्तरेकडेच असतो. मध्यान्ह म्हणजे घड्याळांतील बारा मात्र नव्हेत. प्रमाणवेळेनें पुण्यास सूर्य साडेबाराच्या किंचित् पुढें माथ्यावर येतो.

आतां चौकाच्या उत्तर अंगाची, म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेली ओसरी घ्या. तिच्या पाख्याची कड फरशीपासून आठ फूट उंच आहे असें धरूं. डिसेंबरांत मध्यान्हीचें ऊन या कडेखालून सुमारें सात फूट आंत येतें. मेमध्यें बोटभरहि येत नाहीं. हिवाळ्यांत ऊन घ्यावें आणि उन्हाळ्यांत तें बाहेर ठेवावें, हें काम एक साधी कड न चुकतां करते. मात्र समोरची बाजू किती उंच आहे हें पाहिलें पाहिजे. चौक वीस फूट रुंद आणि समोरची बाजू वीस फूट उंच असेल, तर तिची सांवली अठरा फुटांवर संपते, आणि उरलेला दोन फूट चौक व सबंध ओसरी उन्हांत राहते. तीच बाजू तीस फूट झाली कीं सांवली सत्तावीस फूट लांबते, म्हणजे वीस फूट चौक ओलांडून सात फूट ओसरीहि झांकून टाकते. एका मजल्यानें सर्व हिशेब फिरला! म्हणून दक्षिणेच्या अंगास शेजाऱ्याची नवी इमारत उठली आहे किंवा उठणार आहे काय, याची चौकशी केल्यावांचून कांचेवर पैसा खर्चूं नये. हिशेब नको असेल त्यानें डिसेंबरांत एक दिवस ओसरीवर खडूनें उन्हाची सीमा दर तासास आंखून ठेवावी. तेवढ्यानें काम भागतें.

पूर्वेकडील गॅलरीहि चांगली. तेथें सकाळचें कोंवळें ऊन येतें व नऊ-दहापर्यंत पुरतें. पश्चिमेकडील गॅलरी मात्र कांच लावून बंद करूं नये. चैत्र-वैशाखांत दुपारीं तीननंतरचें तिरपें ऊन तिच्यांत सरळ घुसतें आणि रात्रीं निजावयाच्या वेळेपर्यंत त्या खोलीची भट्टी निवत नाहीं.

येथें जातां जातां एक गैरसमज दूर केला पाहिजे. हाडांच्या बळकटीसाठीं डॉक्टर ऊन घ्यावयास सांगतात, म्हणून कित्येक वृद्ध माणसें बंद कांचेआड खुर्ची टाकून बसतात. त्वचेंत ड जीवनसत्त्व तयार होण्यास सूर्याचे जे अतिनील किरण लागतात, ते साधी कांच जवळजवळ सर्वच अडविते. कांचेआडच्या उन्हानें ऊब मिळते, सांधे मोकळे होतात, मन प्रसन्न होतें. पण तें जीवनसत्त्व मिळत नाहीं. त्यासाठीं तावदान उघडावेंच लागेल.

म्हणून ओसरीस जी कांच बसवावयाची ती पुरती उघडणारी असावी. सरकत्या कांचांत निम्मी जागा नेहमीं बंदच राहते. त्यापेक्षां घडी होऊन एका अंगास जाणारीं तावदानें बरीं. त्यांच्यावर, पाख्याच्या लगत, फूटभर उंचीची जाळी कायमची मोकळी ठेवावी, म्हणजे तापलेली हवा तेथून निघून जाईल. उन्हाळ्यासाठीं चिकाचे पडदे लावावयाचे ते कांचेच्या बाहेरच्या अंगास. आंतून पडदा लावला तर ऊन कांच ओलांडून आलेलेंच असतें, त्यास मग अडवून फारसा लाभ नाहीं. आणि सागवानी खांबांस भोंकें पाडून अॅल्युमिनियम ठोकण्याची जी रीत पडली आहे ती सोडावी. खांबांच्या आंतल्या अंगास लांकडाची स्वतंत्र चौकट उभी करावी, म्हणजे पुढेंमागें ती काढली तरी खांब अभंग राहतो. दीडशें वर्षें टिकलेलें सागवान आज बाजारांत मिळत नाहीं.

चौकावरच छत हवें असा आग्रह असेल, आणि खालीं राहणाऱ्यांस पावसाचा खरोखर त्रास असेल, तर तें छत भिंतींस न भिडवितां सर्वांत उंच पाख्याच्याहि वर दीड-दोन फूट उचलून घ्यावें. छत्री धरावी तसें. छताची कड चारहि बाजूंनीं चौकाच्या बाहेर दोन फूट जावी, म्हणजे तिरपा पाऊस आंत येणार नाहीं; मधल्या फटींत पारव्यांसाठीं जाळी लावावी. पारव्यांच्या विष्ठेनें फुप्फुसाचे विकार होतात, तेव्हां जाळी हवीच. पण ती जाळीच असावी, पत्रा नव्हे.

आतां हें ओझें पेलावयाचें कोणीं? जुन्या वाड्यांत भार बहुतेक लांकडी खांबांवर व तुळयांवर असतो, आणि ते खांब दगडी तळखड्यांवर नुसते बसविलेले असतात. भिंती दगडविटांच्या, पण दर्जा मातीच्या आणि वरून चुन्याचा गिलावा. अशा भिंतींत लोखंडी कैंची रोवणें म्हणजे कुजक्या दांतास दोरी बांधण्यासारखें आहे. छतास चार लोखंडी खांब स्वतंत्र द्यावेत, त्यांचा पाया निराळा घ्यावा, आणि तो खणतांना जुन्या तळखड्यांखालची माती हालूं देऊं नये. वजनाचाहि विचार करावा. सहा मिलिमीटर जाडीच्या कांचेचें वजन चौरस मीटरला पंधरा किलो भरतें. डोक्यावरची कांच दुहेरी लागते, तिचें तीस. दहा चौरस मीटरचीं तीन क्विंटल झालीं. पोकळ थरांचा दहा मिलिमीटरचा पॉलिकार्बोनेट पत्रा चौरस मीटरला दोन किलोहि भरत नाहीं. म्हणून जुन्या घरांत वरच्या कामास मी तोच पसंत करतों. मात्र हलकी वस्तु वाऱ्यानें उडते. वळवाच्या वावटळींत छतास खालून जो उचल बसतो तो विसरून चालत नाहीं. पत्रे खांबांस आणि खांब पायास बोल्टांनीं जखडलेले पाहिजेत. हा पत्रा उन्हानें वाढतो तोहि थोडाथोडका नव्हे. तीन मीटर लांबीचा पत्रा थंडीच्या पहांटेपासून वैशाखाच्या दुपारपर्यंत सात-आठ मिलिमीटर लांबतो, तेव्हां बोल्टांचीं भोंकें मोठीं ठेवावीं, नाहीं तर दुसऱ्या वर्षीं तो तडकून गळूं लागतो. कोणी कांचच घालणार असेल तर ती दोन कांचांमध्यें चिवट पापुद्रा असलेलीच घ्यावी. फुटली तरी ती जागच्या जागीं धरून राहते. नुसती कडक केलेली कांच फुटतांच तिचे खडे खालच्यांच्या डोक्यावर पडतात.

पाण्याविषयीं मला अधिक सांगावेंसें वाटतें, कारण जुनीं घरें पडतात तीं बहुधा पाण्यानें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां नदीकांठच्या पेठांतील शेंकडों वाडे बसले. मातीच्या दर्जा भिजल्यावर भिंतीस उभें राहण्यास आधारच राहिला नाहीं. पूर तर क्वचित् येतो, पण चुकीचा पन्हळ दर पावसाळ्यांत तेंच काम सावकाश करीत असतो. दहा चौरस मीटरच्या छतावर पंचवीस मिलिमीटर, म्हणजे इंचभर, पाऊस पडला तर अडीचशें लिटर पाणी होतें; सबंध पावसाळ्यांतील मिळून सात हजार लिटरांच्या आसपास. पूर्वीं हें पाणी चौकाच्या फरशीवर पडून उतारानें मोरीकडे जात असे. छत झाल्यावर तें एकाच कडेनें उतरतें, आणि गवंडी सोय म्हणून ती कड भिंतीकडे काढून देतो. दोन पावसांत भिंतीच्या बुडाशीं ओल चढते, तिसऱ्यांत तुळईचें भिंतींतलें टोंक कुजतें, आणि तें बाहेरून दिसत नाहीं. पन्हळ मोठा असावा, त्यास पुरता उतार असावा, आणि नळ खालीं आणून पाणी मोरींत, पिंपांत किंवा वाड्यांतील आडांत सोडावें. भिंतीच्या पायथ्याशीं कदापि नव्हे.

ओल दिसली कीं सिमेंटचा गिलावा करण्याची घाई लोक करतात. चुन्याच्या भिंतींतून ओल बाहेर पडून सुकते. सिमेंट तिला आंतच कोंडतें, आणि ती मग लांकडाकडे वळते. जुन्या भिंतीची दुरुस्ती चुन्यानेंच करावी. चुना मळणारा कारागीर मिळण्यास वेळ लागतो, पण मिळतो.

परवानगीची गोष्ट थोडक्यांत सांगतों, परंतु तिच्याकडे दुर्लक्ष करूं नका. चौक किंवा गॅलरी बंदिस्त केली तर ती जागा चटईक्षेत्रांत धरली जाऊं शकते. १९५० सालीं स्थापन झालेली आपली महानगरपालिका आज जे नियम लावते ते २०२० च्या एकत्रित विकास नियमावलींतील आहेत. तेव्हां नकाशा काढणाऱ्या जाणत्या माणसाकडून आधीं तपासून घ्यावें, आणि वाडा वारशाच्या यादींत असल्यास त्या विभागाची निराळी संमति मागावी. भाडेकरूंनीं अधिक जपावें: मालकाच्या लेखी संमतीवांचून कायम स्वरूपाचें बांधकाम केलें तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें तें जागा सोडावी लागण्याचें कारण होऊं शकतें. आणि चौक हा सर्व बिऱ्हाडांचा असतो. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीचा उजेड बंद होत असेल तर त्या खोलींत राहणाऱ्याची सही सर्वांत आधीं घ्यावी.

काम दिवाळीनंतर, भिंती सुकल्यावर, काढावें आणि होळीच्या आधीं संपवावें. मग मेमधील पहिला वळीव येईल त्या दिवशीं घरांतील एकानें छतावर, एकानें चौकांत आणि एकानें भिंतीपाशीं उभें राहावें. जेथें थेंब दिसेल तेथें खडूनें वर्तुळ काढून आंत तारीख घालावी, आणि तीं वर्तुळें गवंड्यास दाखवून त्याच्याकडून बुजवून घेतल्यावांचून त्याचा शेवटचा हप्ता देऊं नये.